कीबोर्डवाला पुण्याला गेला, मग सिंथ बेस कुणी वाजवायचा? नागपूरच्या एका ऑर्केस्ट्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर नागपुरातला हा जुना ऑर्केस्ट्रा. तीन गायक, ढोलकी, ऑक्टोपॅड, ड्रम, लीड गिटार, बेस आणि कीबोर्ड. हिवाळ्यात लॉनवरची रिसेप्शनं, गणपती-नवरात्रात मंडळं. पण त्यांचा खरा मोसम दोनच वेळा येतो: धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, फुले जयंती ते आंबेडकर जयंती. भीमगीतांच्या कार्यक्रमांसाठी त्यांच्या तारखा खूप आधी ठरलेल्या असतात. (माणसं ओळखू येतील असे तपशील इथे काढून टाकले आहेत.)

भीमगीतांचा बाज गेल्या काही वर्षांत बराच बदलला. ढोलकी आणि कोरस आहेतच, पण त्याखाली आता डीजेच्या ठेक्याला शोभेल असा जाड, गुरगुरणारा सिंथ बेस, म्हणजे सिंथेसायझरचा खर्जातला आवाज, लागतो. रिसेप्शनला १९८०च्या दशकातली डिस्को गाणी मागतात, तिथेही तेच. हे काम इतकी वर्षं कीबोर्डवादक डाव्या हाताने करायचा. त्या गाण्यांना बेस गिटारवाला नुसता मागे राहून साथ द्यायचा, आणि कुणाला त्यात काही खटकत नव्हतं.

जानेवारीत कीबोर्डवादकाला पुण्यात नोकरी लागली. त्याच्या जागी आलेली मुलगी तयारीची आहे. तिचे दोन्ही हात स्ट्रिंग्ज आणि ब्रासमध्ये गुंतलेले असतात आणि कीबोर्ड एकच. पहिल्याच कार्यक्रमानंतर ऑर्केस्ट्राचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणतात, मला म्हणाले, "भाऊ, गाणं बराबर आहे, पण खालचा आवाज छातीत नाही लागून राह्यला." पेडल (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालू-बंद करायची डबी) आणि बेसच्या दुरुस्तीचं काम मी करतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला.

अडचण

बेस गिटारचा आवाज आणि सिंथ बेसचा आवाज सूर एकच असला तरी वेगळे का लागतात, ते आधी पाहावं लागलं. तार छेडली की सुरुवातीला जोराचा टणत्कार येतो, वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतले सूर) पटकन विरतात आणि मागे मूळ सूर हळूहळू मंदावत राहतो. सिंथमध्ये लहर ऑसिलेटरमधून, म्हणजे लहर तयार करणाऱ्या भागातून, अखंड येते. सॉ (करवतीच्या दात्यांसारख्या) लहरीत सगळे हार्मोनिक्स असतात, स्क्वेअरमध्ये (चौकोनी लहरीत) फक्त विषम. मग फिल्टर त्यातला वरचा भाग कापतो आणि तो फिल्टर किती वेगाने उघडायचा-मिटायचा हे एन्व्हलप ठरवतो. १९७० साली आलेल्या मिनीमूग सिंथेसायझरपासून सिंथ बेसची ओळख याच जोडीवर उभी आहे: भरगच्च लहर आणि २४ डेसिबल प्रति सप्तक कापणारा लो-पास फिल्टर.

बेसच्या पेडलला हे सगळं तारेवरून मिळवायचं असतं. आधी तार कोणत्या सुरात हलते आहे हे त्याला ओळखावं लागतं, मग त्या सुराची नवी लहर तयार करावी लागते, आणि बोट किती जोरात पडलं त्यावरून फिल्टर हलवावा लागतो. अडचण पहिल्या पायरीवरच येते. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार मोकळी वाजली की ४१ हर्ट्झचा सूर देते. म्हणजे एक लहर पूर्ण व्हायलाच २४ मिलिसेकंद जातात, आणि सूर ओळखायला पेडलला निदान एक पूर्ण लहर तरी ऐकावी लागते, बहुतेकदा जास्तच. तेवढ्यात ड्रमचा किक वाजून गेलेला असतो.

या बेसवाल्याकडे एक जुनं मल्टी-इफेक्ट (अनेक इफेक्ट एकत्र असलेलं पेडल) होतं आणि त्यात तयार सिंथ पॅच (आवाजाची साठवलेली जुळणी) होता. तो लावून वाजवल्यावर जाड तारेवर आवाज उशिरा यायचा, मधेच एक सप्तक वर उडायचा, आणि सूर सोडताना कोंबडीसारखा कलकलायचा. बेसवाल्याचं मत पक्कं झालं की बेसवर सिंथ होतच नाही.

कोणते पर्याय होते

काकांच्या मनात सगळ्यात आधी ट्रॅक होता. बेसलाइन रेकॉर्ड करून लॅपटॉपवरून वाजवायची, ड्रमरने कानात लयीची क्लिक ऐकायची. रिसेप्शनला हे चाललंही असतं. पण भीमगीतांच्या कार्यक्रमात गाणं ठरल्याप्रमाणे कधीच संपत नाही. लोक मंचावर येऊन बक्षीस देतात, निवेदक मधेच नाव पुकारतो, गायक एकच कडवं परत परत घेतो, कोरस वाढवतो. ठरलेल्या लांबीच्या ट्रॅकला हे झेपत नाही, आणि गायकाला ट्रॅकमागे धावायला लावलं तर कार्यक्रमाचा जीवच जातो. त्यामुळे ट्रॅक बाद झाला, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता.

मोसमापुरता दुसरा कीबोर्डवाला घ्यायचा, तर एप्रिलमध्ये शहरात मोकळा हात मिळत नाही. बेसवाल्यानेच छोटा सिंथ शिकायचा, तर दोन महिने पुरत नाहीत. प्रत्येक तारेचा वेगळा सिग्नल घेणारा जीके पिकअप (पिकअप म्हणजे तारेच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग) आणि गिटार सिंथ हाही मार्ग आहे, पण त्यात बेसवर नवा पिकअप बसवा, जाड वायर ओढा, खर्च दुप्पट. आणि जाड तारेचा उशीर त्यानेही पूर्ण जात नाही, कारण लहरीची लांबी तीच राहते.

राहिले दोन. एक, वेगवेगळी अ‍ॅनालॉग पेडलं ओळीने जोडायची: ऑक्टेव्हर (सूर एक सप्तक खाली नेणारं), फझ (आवाज फाडून खरखरीत करणारं), एन्व्हलप फिल्टर (बोटाच्या जोराप्रमाणे उघडणारा फिल्टर). दुसरा, ज्यात आपला पॅच स्वतः बांधून साठवता येतो असं एकच सिंथ पेडल घ्यायचं.

पहिल्याचा प्रयोग लगेच करता आला. बेसवाल्याच्या मित्राकडे बॉसचं ओसी-२ हे ऑक्टेव्हर होतं, १९८२ साली आलेलं आणि अजूनही शोधून घेतलं जाणारं पेडल. फझ लीड गिटारवाल्याचं. ओसी-२ येणाऱ्या लहरीच्या फेऱ्यांवर एक स्विच आलटून पालटून फिरवतं, त्यामुळे निम्म्या कंपनाची जवळपास चौकोनी लहर मिळते. मूळ आवाजाचा नॉब शून्यावर नेला की बेस गिटार गायब होतं आणि उरतो तो खरोखर सिंथसारखा आवाज. तालमीच्या खोलीत सगळ्यांच्या माना वळल्या. ढोलकीवाला म्हणाला, "हाच! हाच पाहिजे!"

गाडी पुढे अडली ती क्रमावर. फझनंतर फिल्टर लावला तर फझने सगळे सूर एकाच जोराचे करून टाकले होते. बोट जोरात पडलं काय आणि हळू पडलं काय, फिल्टरला फरक कळेना. तो उघडायचा आणि उघडाच राहायचा. फिल्टर आधी आणि फझ नंतर केला, तर फिल्टरने कापलेले हार्मोनिक्स फझ परत तयार करून द्यायचा. दोन्ही क्रमांना आपापली चव आहे आणि स्टुडिओत मी दोन्ही वापरेन. पण या ऑर्केस्ट्राला एका गाण्यातून दुसऱ्यात श्वास न घेता जावं लागतं. अंधाऱ्या मंचावर तीन पेडलांचे नॉब दर गाण्याला फिरवणं जमणारं नव्हतं.

म्हणून फेब्रुवारीअखेर सोर्स ऑडिओचं सी-४ घ्यायचं ठरलं. पैसे निम्मे काकांनी दिले, निम्मे बेसवाल्याने. निर्णयामागे दोन कारणं होती. या पेडलमध्ये लहरी, फिल्टर, एन्व्हलप, डिस्टॉर्शन (फझसारखं आवाज फाडणं) सगळं आत आहे आणि एन्व्हलप थेट बेसकडून आलेला सिग्नल ऐकतं, त्यामुळे आतला डिस्टॉर्शन कितीही वाढवला तरी बोटाचा जोर हरवत नाही. दुसरं, मोबाइल किंवा लॅपटॉपला जोडून पॅच बांधता येतो आणि पेडलवरच्या तीन टप्प्यांच्या खटक्यावर ठेवता येतो.

काय केलं

पेडल मार्चमध्ये हातात आलं. त्यातले तयार पॅच ऐकण्यात बेसवाल्याचा पहिला आठवडा गेला, आणि तो जाऊ दिला ते बरंच झालं. एवढ्या आवाजांतून आपल्याला काय नको ते कळलं. मग ठरवलं की खटक्याला तीन जागा आहेत तर पॅचही तीनच. नावंही आम्हीच दिली.

'गोल' हा संथ गाण्यांसाठी. साइन लहर मुख्य, तिच्यात थोडी सॉ मिसळलेली, फिल्टर जवळपास बंद आणि स्थिर. नुसती साइन ठेवली असती तर छोट्या स्पीकरवर आणि लोकांच्या मोबाइल रेकॉर्डिंगमध्ये बेस ऐकूच आला नसता. ४१ हर्ट्झ तिथे पोहोचत नाही, ८२ आणि १२३चे हार्मोनिक्स पोहोचतात, आणि त्यांच्यावरून कान खालचा सूर ओळखून घेतो.

'डिस्को'मध्ये सॉ लहरी आणि चटकन मिटणारा फिल्टर. इथे एक गोष्ट सावकाश सांगण्यासारखी आहे. आवाज जाड करायला दोन सॉ लहरी एकमेकींपासून किंचित बेसूर ठेवायची सर्रास पद्धत आहे. लीडला ती छान लागते. पण ५५ हर्ट्झच्या सुराला ८ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक दिला तर दोन लहरींमध्ये साधारण पाव हर्ट्झचा फरक पडतो, म्हणजे दर चार सेकंदांनी त्या एकमेकींना खोडून काढतात. छोट्या सुरांच्या बेसलाइनमध्ये याचा परिणाम असा की एक सूर दणदणीत येतो आणि पुढचा तोच सूर पोकळ. बेसवाल्याला वाटत होतं आपली बोटं कमी-जास्त पडताहेत. खालच्या सप्तकातली लहर एकटी ठेवली, बेसूरपणा फक्त वरच्या सप्तकातल्या दोन लहरींना दिला, आणि सगळे सूर सारखे उभे राहिले.

तिसरा 'चावरा': स्क्वेअर लहर, डिस्टॉर्शन, फिल्टरचा रेझोनन्स (जिथून कापायला सुरुवात होते तिथला उठाव) वर, आणि बोटाच्या जोराला फार हळवा. रिमिक्सच्या बाजाच्या दोन-तीन गाण्यांपुरता.

पॅचइतकंच काम वाजवण्याच्या पद्धतीवर झालं. आधीच्या मल्टी-इफेक्टमध्ये जे बिघडत होतं ते पेडल बदलून आपोआप जाणार नव्हतं, कारण पेडलला जे ऐकू जातं त्याचाच ते सूर करतं. म्हणून सगळ्या सिंथ बेसलाइन एक सप्तक वर हलवल्या. पांढरी तीनचा (पेटीवरच्या मोजणीने, म्हणजे ई) सूर जाड तारेवर मोकळा वाजवण्याऐवजी तिच्या शेजारच्या तारेवर सातव्या पट्टीत (फ्रेटवर) घ्यायचा. तो ८२ हर्ट्झचा, लहर १२ मिलिसेकंदांची. पेडल त्याला एक सप्तक खाली उतरवून देतं. ऐकणाऱ्याला तोच ४१चा सूर मिळतो, पण ओळखण्यातला उशीर निम्मा होतो. दुसरी सवय म्हणजे एका वेळी एकच सूर. मागचा सूर पूर्ण मिटल्याशिवाय पुढचा नाही. वीस वर्षं सूर एकमेकांत मिसळत वाजवणाऱ्या माणसाला हे अवघड जातं. त्याने उजव्या तळव्याची कड पुलावर (ब्रिजवर, जिथे तारा टेकतात) टेकवून अंगठ्याने वाजवायला सुरुवात केली, आणि मूळ सूर स्वच्छ निघू लागला.

पट्ट्यांवर तार घासून करकरली तरी पेडल चुकतं. मार्चच्या कोरड्या हवेत नागपुरात लाकूड आकसतं, बेसची मान मागे झुकते, तारा खाली बसतात. ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) पाव फेरी सैल केला. घरी बेस कूलरच्या झोतात स्टँडवर उभं असायचं. कूलर सुरू झाल्यावर ओलाव्याने मान उलट दिशेने वळली असती, म्हणून ते केसमध्ये, आतल्या खोलीत ठेवायला सांगितलं.

आपोआप वाजणारी पांढरी पाच

मार्चअखेर तालमीच्या खोलीतला कूलर चालू झाला आणि नवंच काही सुरू झालं. बेसवाला हात तारांवर ठेवून गप्प उभा असायचा आणि पेडलमधून मंद सूर येत राहायचा. गायिकेने तो आधी पकडला. तिची पट्टी काळी एक, आणि हा सूर तिला सारखा तीव्र मध्यमासारखा टोचत होता. म्हणजे पांढरी पाच, किंचित चढी.

पांढरी पाच त्या सप्तकात ४९ हर्ट्झला येते. आपली वीज ५० हर्ट्झची. कूलरच्या मोटरची आणि रेग्युलेटरची घरघर पिकअपमधून आत जात होती, आणि पेडल तिला इमानदारीने सूर समजून वाजवत होतं.

पण मग हे आधी का नव्हतं? बेस दोन सिंगल-कॉइल पिकअपचं आहे. दोन्हींची गुंडाळी एकमेकींच्या उलट असते, त्यामुळे दोन्ही पूर्ण उघडे असले की घरघर आपसात कटते. मूळ सूर जास्त स्वच्छ मिळावा म्हणून बेसवाल्याने मध्यंतरी फक्त मानेकडचा पिकअप ठेवला होता. सूर ओळखण्यासाठी ते बरोबरच होतं, पण घरघर कटायची बंद झाली. इथे निवड करावी लागली. दोन्ही पिकअप पूर्ण उघडले, टोनचा नॉब पूर्ण मिटवला, आणि पॅच कितपत बारीक आवाजाला जागा होतो ती पातळी थोडी वर नेली. पातळी फार वर नेली तर सुराची शेपटी कापली जाते, म्हणून 'गोल'मध्ये कमी आणि 'चावरा'मध्ये जास्त ठेवली. शिवाय एकाच अ‍ॅडॉप्टरवरून सगळ्या पेडलांना ओळीने वीज देणारी वायर काढून प्रत्येकाला स्वतंत्र पुरवठा दिला. डिजिटल पेडलाची शिट्टी त्याने गेली.

मैदानावर

१४ एप्रिलच्या संध्याकाळी मैदानात मोठे सब (खर्जाचे स्पीकर) होते. साउंडवाल्याकडे दोन चॅनल मागितले. पेडलांच्या आधी डीआयमधून (बेसचा सिग्नल थेट मिक्सरकडे नेणाऱ्या डबीतून) निघालेला साधा बेस एका चॅनलवर, सिंथ दुसऱ्यावर. सिंथचा सूर काही मिलिसेकंद मागे असतो, त्यामुळे दोन्हींचा खालचा भाग एकत्र आला की एकमेकांना खातो. साध्या बेसचा तळ १२० हर्ट्झच्या खाली कापायला लावला: त्याच्यातून फक्त बोटाची धार, तळ सगळा सिंथचा. साउंडवाल्याने आधी कुरकुर केली, पण ऐकल्यावर तेच ठेवलं.

साउंडचेकमध्ये 'गोल' इतका फुगलेला निघाला की ढोलकीचा डग्गा त्यात बुडाला. पॅच घरी हेडफोनवर, बेताच्या आवाजात बांधलेला होता. हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून माणूस ते वाढवत जातो. मैदानातल्या आवाजात तेच अंगावर येतात. पेडलमध्येच खालची लहर उतरवली.

दुसरी अडचण जास्त गंभीर होती. ड्रमरने किक मारला की मंचाची फळी हलायची आणि बेसच्या मोकळ्या तारा आपोआप थरथरायच्या. तालमीत कधी न झालेली सुरांची उडवाउडवी परत सुरू झाली. बेसलाइन सगळ्या पाचव्या पट्टीच्या वर नेलेल्या असल्यामुळे मोकळ्या तारांची गरजच नव्हती. गायिकेने केसांचा जाड कापडी रबर काढून दिला, तो पहिल्या पट्टीजवळ मानेभोवती गुंडाळला, आणि तारा गप्प झाल्या. आता तो रबर बेसच्या केसमध्येच असतो.

कार्यक्रमात सहा गाणी सिंथवर वाजली. पाच ठाम. एका कोरसच्या गाण्यात बक्षिसांमुळे कडवं खूप लांबलं, काकांनी हाताने इशारा करत चार-चार मात्रांनी पुढे ढकललं, आणि बेस त्यांच्यासोबत जात राहिला. सहाव्या गाण्यात बेसवाला 'चावरा'वरून तार घसटत वर जायला गेला. प्रत्येक पट्टी पेडलने वेगळा सूर म्हणून मोजली आणि सरळ मींड येण्याऐवजी जिना आला. त्याने लगेच पाय मारून पेडल बंद केलं आणि उरलेलं गाणं साध्या बेसवर नेलं. समोर बसलेल्यांपैकी फार थोड्यांना कळलं असेल, पण त्याला स्वतःला ते फार लागलं.

काय वेगळं करता आलं असतं

पेडल जानेवारीतच आलं असतं तर मार्च पॅच बांधण्याऐवजी वाजवण्यात गेला असता. फेब्रुवारी अ‍ॅनालॉग प्रयोगात गेला तो वाया गेला असं मी म्हणणार नाही. क्रम आणि एन्व्हलप यांचा संबंध बेसवाल्याला तिथेच कळला, आणि नंतर पॅच बांधताना त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

एक तालीम तरी सबसह, मोठ्या आवाजात व्हायला हवी होती. त्यासाठी हॉल घ्यायची गरज नाही. साउंडवाल्याच्या गोदामात दोन सब लावून तास-दीड तास मिळाला असता तरी 'गोल' तिथेच उतरला असता आणि तारांची थरथरही तिथेच सापडली असती. साउंडचेकही एलईडी वॉल आणि लाइट पूर्ण चालू ठेवून करायला हवा. कूलरने जे केलं ते लाइटचे डिमरही करू शकतात. या वेळी ती तपासणी राहून गेली.

सप्तक वर नेण्याच्या निर्णयावर मात्र बेसवाल्याचं आणि माझं अजून एकमत नाही. त्याचं म्हणणं, वर वाजवताना हाताला तो जोर येत नाही, ठेका बारीक होतो. हे खरं आहे. तार वरच्या पट्टीत वेगळी लागते. माझं म्हणणं, उशिरा येणारा जाड सूर ठेक्याला त्याहून जास्त मारतो. सध्या तोडगा असा निघाला आहे की संथ गाण्यांत तो खाली वाजवतो, तिथे थोडा उशीर चालतो. वेगवान गाण्यांत वर.

मींडेसाठी 'चावरा'ची प्रत करून त्यात सूर एकमेकांकडे सरकत जाण्याची सोय चालू केली आहे. बोट पट्ट्यांवरून घसटायचं नाही. पहिला सूर वाजवायचा, मग थेट शेवटचा, मधला प्रवास पेडल करेल. हळू गाण्यात ते जमतं. त्या सहाव्या गाण्याच्या लयीत दोन सूर इतके जवळ येतात की सरकायला वेळच उरत नाही, म्हणून ते गाणं तूर्त साध्या बेसवरच आहे, आणि ऑक्टोबरच्या आधी त्याची बेसलाइन नव्याने बांधायची ठरली आहे.